जुन्या टिनांवर रबरी कोटिंग: आधी गळती, मग बादली

मेअखेरीचा नवतपा लागला की तालुक्याच्या हार्डवेअर दुकानांतून पांढऱ्या रबरी कोटिंगच्या बादल्या भराभर उठू लागतात. मृगाच्या तोंडावर छपरावर दोन हात मारले जातात, आणि पहिली झड लागताच खताच्या चुंगड्यांवर पुन्हा टिपटिप सुरू होते. बोल मात्र कोटिंगला लागतो. टिनाचं छप्पर भर पत्र्यातून क्वचितच गळतं. ते गळतं स्क्रूच्या भोकातून, दोन पत्र्यांच्या जोडातून, आढ्याच्या टोपीखालून आणि भिंतीच्या सांध्यातून. वाळल्यावर कोटिंगचा थर अर्धा मिलिमीटरही भरत नाही. हलणाऱ्या स्क्रूभोवतीची फट त्याने बुजेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. या कामातली तीन चतुर्थांश मेहनत बादलीचं झाकण उघडण्याआधीची असते, आणि नेमकी तीच टाळली जाते.

शेतातली खोली, जनावरांचा कोठा, गावातलं घर किंवा लहान गोदाम, यांच्यावरच्या लोखंडी टिनांसाठी ही पद्धत आहे. नळीदार जस्ती टिना असोत की चौकोनी उंचवट्याच्या रंगीत टिना, रीत तीच.

कोणत्या छपरावर हे काम करू नये

सिमेंटचे जुने पत्रे यातून पूर्ण वगळा. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. असा पत्रा तारेच्या ब्रशने घासला, ग्राइंडर लावला किंवा जोराच्या पाण्याने धुतला तर ते तंतू मोकळे होतात आणि फुप्फुसात जाऊन बसतात. शिवाय हे पत्रे पायाखाली न वाजता एकदम फुटतात, आणि माणूस थेट खाली जातो.

लोखंडी टिनांची परीक्षा स्क्रूड्रायव्हरने होते. लाल गंज दिसेल तिथे टोक हाताच्या जोराने दाबा. पत्रा टणक लागला तर तो वाचेल. टोक आरपार गेलं, किंवा गंजाचे पापुद्रे निघून खाली कागदासारखा पातळ पत्रा उरला, तर तेवढी टीन बदलायची. चार टिनांमागे एकापेक्षा जास्त अशी निघत असेल तर कोटिंगचा खर्च करू नका. तो पैसा नव्या टिनांत घाला.

छपरावर आधी डांबर फासलेलं असेल तर थांबा. हे रबरी कोटिंग अ‍ॅक्रिलिकचं असतं; डांबरावर मारलं की त्यातून तपकिरी डाग वर येतात, आणि उन्हात खालचं डांबर मऊ होऊन सरकतं म्हणून वरचा थर जाळीसारखा तडकतो. डांबर थंड वेळी, म्हणजे पहाटे, खरवडून निघतं. दुपारी ते नुसतं चिघळतं. पूर्ण निघत नसेल तर तिथे अ‍ॅक्रिलिकचा नाद सोडा.

गळती नेमकी कुठे आहे

आत थेंब जिथे पडतो तिथेच वर भोक असेल असं धरून चालू नका. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने किंवा कैचीच्या (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याच्या) अँगलवरून दोन-चार फूट वाहत येतं आणि जिथे अडतं तिथे ठिबकतं. शोध नेहमी थेंबापासून चढाच्या दिशेने घ्यायचा.

पहिली तपासणी आतून, भर दुपारी. दारं-खिडक्या बंद करा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. छपरात उजेडाचे ठिपके दिसू लागतील. प्रत्येक ठिपक्यातून खराट्याची एक काडी आतून वर सरकवून तशीच ठेवा. संध्याकाळी वर चढाल तेव्हा काड्या उभ्या दिसतात आणि एकही भोक नजरेतून सुटत नाही. वर गेल्यावर प्रत्येक काडीभोवती खडूने गोल काढा, मगच काडी काढा.

जोडांतून येणारं पाणी उजेडात दिसत नाही. त्यासाठी नळी लावा. एक माणूस आत, एक वर. पाणी आधी वळचणीच्या कडेला सोडा, पाच मिनिटं थांबा, मग एक-एक ओळ वर सरका. सुरुवातच आढ्यापासून केली तर सगळं छप्पर एकदम ओलं होतं आणि कोणत्या जोडाने पाणी घेतलं ते कळत नाही.

हिवाळ्यात सकाळी पाऊस नसताना छतातून ठिबकत असेल तर ती गळती नाही. माणसांचा, जनावरांचा आणि चुलीचा ओलावा थंड पत्र्याला खालून लागतो आणि त्याचं पाणी होतं. वरून कितीही कोटिंग मारलं तरी ते थांबणार नाही. आढ्याजवळ आणि वळचणीला हवा खेळायला जागा द्या. कोठ्यात हे जास्त होतं, आणि गोमूत्रातून निघणारा अमोनिया त्या ओल्या पत्र्याला खालून गंजवतो. युरिया-पोटॅशच्या चुंगड्या ठेवलेल्या खोलीचीही हीच कथा. अशा छपराचा आतला अंग आधी बघा, कारण वरून चकचकीत दिसणारा पत्रा खालून संपलेला असतो.

काम कधी काढावं

मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात हवाच ४५ अंशांपर्यंत तापते, त्याच्याही पुढे जाते. तापल्या पत्र्यावर तर हात ठेववत नाही. तशा पत्र्यावर कोटिंग लावलं की वरची साय लगेच धरते, खालचं पाणी अडकतं, त्याची वाफ होते आणि फोड येतात. रोलर ओढतानाच कोटिंग लोळ्या होऊन सुटू लागलं तर पत्रा जास्त तापलेला आहे असं समजा.

उत्तम काळ दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा. तेव्हा सकाळी दव पूर्ण वाळल्यावर, साधारण दहा वाजता सुरू करा आणि तीन-साडेतीनला थांबा, म्हणजे रात्रीचं दव पडण्याआधी थर धरतो. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत अवकाळी आणि गारपीट डोक्यावर असते, तेव्हा आभाळ बघून दिवस ठरवा. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर पहाटे साडेपाचला सुरू करून नऊच्या आत हात आवरा. शेवटच्या हातानंतर निदान २४ तास पाऊस नको, आणि पूर्ण पिकायला आठवडा लागतो. म्हणून मृगाच्या आदल्या दिवशी लावलेलं कोटिंग धुऊन गेलं तर त्यात नवल नाही.

चढण्याआधी

गावाकडे सर्व्हिस वायर बहुतेक वेळा टिनाला घासत किंवा टेकूनच आत येते. घरातला मेन स्विच बंद केला तरी ती वायर जिवंत राहते. तिचं वेष्टन फाटलेलं असेल तर सगळ्या छपरात करंट उतरतो, आणि धुताना तुम्ही ओल्या पायांनी त्याच्यावर उभे असता. आधी टेस्टर लावून बघा, लाइनमनला बोलावून वायर उचलून घ्या, मगच पाणी वर न्या.

शिडी वळचणीच्या वर तीन फूट निघालेली आणि वरून बांधलेली असावी. पाय फक्त स्क्रूच्या ओळीवर टाका, कारण खाली आडवा पाइप किंवा बल्ली तिथेच असते. दोन ओळींच्या मध्ये चालायचं असेल तर दोन्ही आधारांवर टेकेल अशी लांब फळी टाका. आढ्याच्या टोपीखाली गांधीलमाश्यांचं घर आहे का ते खालूनच पाहून घ्या.

सामानाचा हिशोब

२० बाय १५ फुटांची, एकाच बाजूला उतार असलेली खोली धरू. चारही बाजूंनी फूटभर बाहेर काढलेलं छप्पर २२ बाय १७ फूट, म्हणजे ३७४ चौरस फूट होतं. पण पत्रा सपाट नसतो. नळ्यांच्या चढउतारामुळे खरा पृष्ठभाग सुमारे १५ टक्के जास्त भरतो, म्हणजे ४३० चौरस फूट, अर्थात ४० चौरस मीटर. हे १५ टक्के धरायचे राहतात आणि दुसऱ्या हाताला बादली कमी पडते. मग तिच्यात पाणी वाढवलं जातं.

कोटिंग प्रत्येक हाताला चौरस मीटरमागे ३५० मिलिलिटर, दोन हातांना ७०० मिलिलिटर. ४० मीटरला २८ लिटर, म्हणजे २० लिटरची एक बादली आणि ४ लिटरचे दोन डबे. कोटिंगमध्ये साधारण निम्मा भाग पाणी असतं आणि ते उडून जातं, म्हणून एवढं लावल्यावर वाळलेला थर ०.३५ मिलिमीटरच्या आसपास उरतो. याच्याहून पातळ थर उन्हात लवकर भुगा होतो. दुकानदार एका लिटरमध्ये दुप्पट छप्पर होईल म्हणाला तर डब्यावर वाळलेल्या थराची जाडी आणि घन भागाचं प्रमाण वाचा आणि हिशोब स्वतः करा.

प्रायमर झिंक फॉस्फेटवालं, दोन डब्यांचं इपॉक्सी घ्या. लिटरला आठ-दहा चौरस मीटर जातं, म्हणून ५ लिटर. स्क्रू किती लागतील? आडवे आधार चार-चार फुटांवर असतील तर १७ फुटांच्या उतारात पाच ओळी येतात. प्रत्येक ओळीत फूटभर अंतराने २२, म्हणजे ११०. वाया जाणारे आणि कडेला वाढवायचे धरून १५० आणा. याशिवाय ४ इंच रुंद पॉलिस्टर जाळीची पट्टी ५० मीटर, २० मिलिमीटर रुंद ब्यूटाइल टेपची (चिकट रबरी पट्टीची) दोन-तीन बंडलं आणि फटी भरायला पॉलियुरेथेन सीलंटच्या तीन नळ्या. सीलंट पॉलियुरेथेनच घ्या. सिलिकॉन स्वस्त मिळतं आणि पत्र्याला घट्ट धरतंही, पण त्याच्यावर कोणताच रंग किंवा कोटिंग चिकटत नाही. छपरावर आधीच सिलिकॉन लावलेलं असेल तर ते पात्याने मुळापासून काढावं लागतं.

स्क्रू आणि हुक

बहुतेक गळती इथे थांबते, म्हणून इथे घाई नको. स्क्रूखालचं काळं रबर वॉशर उन्हाने कडक होतं आणि चिरतं. नखाने दाबून बघा, दबत नसेल तर ते संपलं. जुन्या छपरांवर जे-हुक आणि डांबरी वॉशर असतात, ते तर नुसत्या स्पर्शाने भुगा होतात.

वॉशर फुटतं आणि भोक मोठं होतं, याचं मूळ कारण ऊन-थंडीची हालचाल. १२ फुटी पत्रा रात्रीच्या २० अंशांवरून दुपारच्या ६५ अंशांवर गेला की सुमारे २ मिलिमीटर लांब होतो आणि रात्री पुन्हा आखडतो. ही ओढाताण वर्षानुवर्षं रोज चालते आणि स्क्रू भोकाच्या कडा खात राहतो. म्हणूनच टिनाच्या भोकावर सिमेंट, वॉल पुटी किंवा इपॉक्सी लांबी टिकत नाही. ती दगडासारखी घट्ट होते, पत्रा हलतो आणि कडेने केसाएवढी भेग पडते. त्या भेगेत पाणी शिरून आत साठतं आणि पत्रा आधीपेक्षा लवकर सडतो.

जुना स्क्रू काढा, भोकाभोवतीचा गंज घासा आणि नवा घाला. लोखंडी पाइपवर ५.५ मिलिमीटरचा स्क्रू फिरत राहत असेल तर ६.३ मिलिमीटरचा वापरा. लाकडी बल्लीवर लाकडाच्या आट्यांचाच स्क्रू लागतो, लोखंडाचा सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू बल्लीत धरत नाही. नळीदार पत्र्याला स्क्रू उंचवट्यावर बसतो, पाणी वाहणाऱ्या खोलगटात नव्हे.

किती आवळायचं हे डोळ्याने ठरतं. लोखंडी चकतीच्या कडेने रबर बारीक रेघेएवढं बाहेर डोकावलं की थांबा. रबर फुगून बाहेर लोंबलं किंवा उंचवटा दबून खड्डा पडला तर जास्त झालं. त्या खड्ड्यात पाणी थांबतं आणि दाबलेलं रबर दोन उन्हाळ्यांत फाटतं. ड्रिल मशीनचा क्लच कमीवर ठेवून शेवटचा अर्धा फेरा हाताने द्या.

कडेच्या ओळींना, विशेषतः वळचणीला आणि दोन्ही बाजूंना, स्क्रू दाट लावा. वादळात छपराच्या कडांवर वर ओढणारा जोर सर्वांत जास्त असतो आणि टिना उडायला सुरुवात तिथूनच होते. वजनासाठी ठेवलेले दगड आणि टायर उतरवून टाका. त्यांच्याखाली ओली माती साचते, तिथे पत्रा गोल सडतो, आणि वादळात तेच दगड खाली येतात.

जोड, भोकं आणि भिंतीचा सांधा

वरच्या पत्र्याने खालच्या पत्र्यावर निदान ६ इंच यायला हवं. उतार कमी असेल तर ८-९ इंच. बाजूचा जोड दीड नळीचा हवा आणि त्याचं तोंड पावसाच्या वाऱ्याकडे नको. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येचा, म्हणून तोंड पूर्वेकडे. टाकतानाच उलट टाकलेल्या टिनांचे जोड कायम त्रास देतात, त्यांना टेप लागणारच.

गळणाऱ्या जोडाचे स्क्रू सैल करा, वरचा पत्रा पाचरीने अर्धा इंच उचला, आतली माती आणि गंज ब्रशने काढा आणि पूर्ण वाळू द्या. मग आत ब्यूटाइल टेप सलग बसवून पत्रा दाबून पुन्हा आवळा. टेप ताणून लावू नका, ती नंतर आखडते. जोडाच्या फक्त बाहेरच्या तोंडाला सीलंट फासणं हा सोपा पण वाईट उपाय आहे. वरून कुठूनतरी आत शिरलेलं पाणी त्यामुळे बाहेर पडत नाही आणि दोन पत्र्यांच्या मध्ये गंज सुरू होतो.

खिळ्याएवढी भोकं पॉलियुरेथेन सीलंटने भरून त्यावर जाळीचा तुकडा बसतो. त्याहून मोठ्या भोकाला पत्र्याचंच ठिगळ हवं, त्याच आकाराच्या नळ्यांचं, चारही बाजूंनी २ इंच जास्त. खाली ब्यूटाइल टेप, कडेने दीड-दोन इंचांवर रिव्हेट, आणि वरच्या कडेला सीलंटची उतरती रेघ, म्हणजे वाहतं पाणी कडेवर अडणार नाही.

भिंतीला लागून असलेल्या टिनांवर सिमेंटचा गोळा लावायची जुनी रीत आहे. तो दरवर्षी तडकतो, कारण भिंत हलत नाही आणि पत्रा हलतो. तो फोडून काढा. भिंतीत टिनाच्या वर ६ इंचांवर एक इंच खोल आडवी चर पाडा, त्यात वाकवलेल्या पत्र्याची पट्टी अडकवा आणि चर सीलंटने भरा. पट्टीची खालची कड टिनांवर नुसती टेकू द्या, तिला टिनांशी स्क्रूने जखडू नका. मातीची भिंत असेल तर चर धरत नाही, तिथे पट्टी भिंतीच्या माथ्यावरून घ्यावी लागते.

धुणं, गंज आणि प्रायमर

दुरुस्ती झाल्यावर छप्पर धुवा. ४०० चौरस फुटांना २०० लिटरचा एक ड्रम पाणी पुरतं. १० लिटर पाण्यात मूठभर धुण्याची पावडर घालून खराट्याने घासा, मग साबण पूर्ण निघेपर्यंत साधं पाणी टाका. पूर्वी चुना मारलेला असेल तर तो निघेपर्यंत घासत राहा. चुन्याच्या भुकटीवर लावलेलं कोटिंग पत्र्याला नाही, भुकटीला चिकटतं. वाळल्यावर काळं फडकं फिरवा, पांढरं उमटलं तर पुन्हा धुवा.

गंजाच्या जागा तारेच्या ब्रशने आणि ८० नंबरच्या पॉलिश कागदाने घासा. घट्ट बसलेला लालसर डाग राहिला तर चालतो, सुटणारा पापुद्रा एकही नको. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून काम लवकर होतं, पण ठिणग्या उडतात. खाली कापूस, कुटार किंवा तणस असेल तर ग्राइंडर लावायचाच नाही. भोकातून गेलेली एक ठिणगी कापसात तासभर धुमसत राहते.

प्रायमरमध्ये एक चूक सर्रास होते. जस्ती टिनांवर थेट तेलाचा रंग किंवा साधं रेड ऑक्साइड लावलं जातं. तेलाच्या रंगाची जस्ताशी हळूहळू प्रक्रिया होऊन मध्ये साबणासारखा थर तयार होतो, आणि वर्ष-दोन वर्षांत रंग मोठमोठ्या सालींनी उतरतो. अशा साली निघत असतील तर त्या सगळ्या काढणं भाग आहे. इपॉक्सी प्रायमरचे दोन्ही भाग डब्यावरच्या प्रमाणातच मिसळा आणि तासाभरात संपेल एवढंच कालवा, उन्हाळ्यात ते लवकर घट्ट होतं. प्रायमर उघडं ठेवून आठवडे घालवू नका, दोन-तीन दिवसांत पहिला हात लागला पाहिजे.

जुन्या रंगीत टिनांवर रंग चांगला शाबूत असेल तर आधी चाचणी घ्या. एक चौरस फूट जागा पॉलिश कागदाने हलकी घासून कोटिंग लावा, दोन दिवस वाळू द्या, ब्लेडने फुलीचा काप द्या आणि कापडी टेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. कोटिंग टेपबरोबर निघून आलं तर प्रायमर लागेल. नाही आलं तर प्रायमर फक्त गंजलेल्या आणि घासलेल्या जागी पुरे.

कोटिंगचे हात

पहिल्या दिवशी फक्त सांधे. जोडांवर, ठिगळांच्या कडेने आणि आढ्याच्या टोपीला कोटिंगचा जाड पट्टा ओढा, ओल्यातच जाळी दाबा आणि वरून पुन्हा कोटिंग मारून जाळी बुडवा. जाळीखाली हवेचा फुगा राहिला तर तो बोटाने कडेकडे ढकला. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याला ब्रशने गोल फिरवून कोटिंग द्या. रोलर स्क्रूच्या डोक्यावरून उडी मारतो आणि उताराच्या खालच्या बाजूला कोरडा डाग सोडतो, त्या जागा ब्रशनेच भरतात.

दुसऱ्या दिवशी पहिला हात. कोटिंग तळापासून ढवळा, बादलीत जड भाग खाली बसलेला असतो. पाणी डब्यावर सांगितलं असेल तेवढंच, तेही फक्त पहिल्या हाताला. लांब केसांचा ९ इंची रोलर उंचवट्यांवर आणि जुना मऊ ब्रश खोलगटात. आढ्यापासून वळचणीकडे, नळीच्या दिशेने, आणि अशा बेताने की शेवटी तुम्ही शिडीपाशी पोहोचाल.

जाडी बरोबर जाते आहे की नाही हे मोजायची साधी सोय आहे. छपराची लांबी खडूने चार सारख्या भागांत वाटा. एका हाताला १४ लिटर लागणार, म्हणजे प्रत्येक भागाला साडेतीन लिटर. तेवढं मोजून वेगळ्या डब्यात घ्या आणि त्याच भागात संपवा. उरलं तर हात पातळ चाललाय, आधीच संपलं तर जाड. खूप जाड थरही नको, तो खोलगटात साचतो, वरून वाळतो आणि आत ओला राहून भेगाळतो.

दोन हातांचे रंग वेगळे ठेवा. पहिला राखाडी किंवा विटकरी, दुसरा पांढरा. मग सुटलेली जागा खालूनही दिसते. पुढे काही वर्षांनी खालचा रंग डोकावू लागला की वरचा थर झिजल्याचं तेव्हाच कळतं. वरचा हात पांढराच हवा, तो ऊन परतवतो, पत्रा कमी तापतो, खोली गार राहते आणि स्क्रूंची ती रोजची ओढाताणही कमी होते. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या हाताला पाणी मिसळू नका. पांढऱ्या छपरावर चकाकी फार असते, काळा चष्मा असू द्या.

दोन पाखांच्या मधल्या पन्हाळीत आणि जिथे पाणी उभं राहतं तिथे अ‍ॅक्रिलिक चालत नाही, ते सतत ओलं राहिलं की मऊ पडून सुटतं. पन्हाळीला पॉलियुरेथेनचं कोटिंग लावा, किंवा तिचा उतार दुरुस्त करून पाणी उभं राहणंच बंद करा.

नंतरची देखभाल

माकडं हा आपल्याकडचा मोठा शत्रू. टोळी एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारते तेव्हा वळचणीचे पत्रे वाकतात आणि स्क्रू ढिले होतात. म्हणून बोराटीच्या किंवा बाभळीच्या फांद्या टिनांवर टाकल्या जातात, पण वाऱ्याने त्या घासत राहतात आणि कोटिंगवर खोल ओरखडे पाडतात. छपरावर झुकलेली फांदी छाटणं जास्त उपयोगी. तिच्यामुळे पालाही कमी साचतो.

वर्षातून दोनदा वर बघा. एकदा मृगाआधी पंधरा दिवस, एकदा दिवाळीनंतर. पाला आणि माती झाडा, पन्हाळ मोकळी करा, स्क्रूची डोकी आणि जाळीच्या कडा तपासा. कड सुटलेली दिसली तर सैल भाग कापून टाका, घासा, पुसा आणि त्यावर जाळी-कोटिंग पुन्हा द्या. डिशचा पाय किंवा सौर पॅनलचा क्लॅम्प बसवणारा मिस्त्री भोक पाडून निघून जातो. तो छपरावर असतानाच प्रत्येक बोल्टखाली रबर वॉशर आणि सीलंट लावून घ्या. पडणारं पाणी टाक्यात साठवत असाल तर नव्या कोटिंगनंतरचे पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्या.

गोंदिया-गडचिरोलीकडे पाऊस १२०० मिलिमीटरच्या वर पडतो, तिथे शेवाळ आधी धरतं आणि उत्तरेकडे उतार असलेल्या पाखावर जास्त. बुलढाणा-अकोल्याकडे पाऊस कमी, पण ऊन कोटिंगला आधी भुगा करतं. नीट जाडीने लावलेला थर साधारण पाच-सात वर्षं काढतो. खालचा रंग दिसू लागला आणि थर अजून पत्र्याला घट्ट धरून असेल तर धुऊन पांढऱ्याचा एकच हात, चौरस मीटरला ३५० मिलिलिटर, पुरेसा होतो. त्यासाठी उरलेलं कोटिंग राखून ठेवायचं असेल तर लहान डब्यात गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट ठोका, तारीख लिहा आणि सावलीत ठेवा. डब्यावरची मुदत उलटली, गुठळ्या झाल्या किंवा सडका वास आला तर ते छपरावर नेऊ नका.